चाचणीला चकवणे आणि लसीला चकवणे: हिपॅटायटिस बीच्या पृष्ठप्रथिनातील बदलांचे दोन वेगळे परिणाम

हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठप्रथिनात (त्याच्या बाह्य आवरणावरील प्रथिनात) उत्परिवर्तन, म्हणजे जनुकीय बदल, आढळला असे वाचले, की विषाणूने लसीवर मात केली असा अर्थ सहज काढला जातो. वास्तविक अशा उत्परिवर्तनाचे दोन निरनिराळे परिणाम संभवतात. पहिला म्हणजे रक्ततपासणीच्या किटला विषाणूचा पृष्ठप्रतिजन (चाचणीत शोधले जाणारे हेच पृष्ठप्रथिन) ओळखता न येणे आणि दुसरा म्हणजे लसीमुळे शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांना विषाणू निष्प्रभ करता न येणे. कित्येकदा दोहोंच्या मुळाशी एकच बदल असतो, त्यामुळे त्यांची गल्लत होते; परंतु पहिला परिणाम दिसला म्हणून दुसराही घडला असे मानणे चूक आहे, आणि ही चूक वैद्यकीय अहवाल वाचताना वारंवार होते.

दोन्ही परिणाम ज्या जागी घडतात ती जागा मात्र एकच आहे. पृष्ठप्रथिनाचे सर्वांत लहान रूप २२६ अमिनो आम्लांचे असते. त्यातील साधारण ९९ ते १६९ क्रमांकांचा भाग विषाणूच्या बाहेरच्या बाजूस उघडा असतो आणि त्याच्या आतील १२४ ते १४७ हा पट्टा ‘ए’ निर्धारक म्हणून ओळखला जातो. तेथील सिस्टीन अमिनो आम्ले गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जोडलेली असल्यामुळे प्रथिनाला वळसे पडतात. प्रतिपिंडे प्रामुख्याने या वळशांचा आकार ओळखतात. अमिनो आम्लांचा नुसता क्रम त्यांना पुरत नाही. म्हणूनच एका अमिनो आम्लाच्या बदलाने संपूर्ण ओळख डळमळू शकते. १४५ व्या स्थानावर ग्लायसीनऐवजी अर्जिनीन येणे हे याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल, तर अर्जिनीन लांब शाखेचे आणि धन विद्युतभाराचे. त्यामुळे त्या ठिकाणच्या वळशाचे रूपच पालटते. १९९० मध्ये इटलीतील एका बालकात हा बदल नोंदवला गेला. बाधित मातेच्या पोटी जन्मलेल्या त्या बालकाला लस आणि हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (या विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) दोन्ही देऊनही संसर्ग झाला होता.

आता चाचणीचा विचार करू. पृष्ठप्रतिजनाच्या अनेक किटमध्ये मोनोक्लोनल प्रतिपिंडे वापरली जातात, म्हणजे सर्वच्या सर्व एकाच साच्याची आणि प्रतिजनावरील एकाच ठिकाणाला चिकटणारी. ते ठिकाण नेमके बदललेल्या वळशावर असेल, तर रक्तात विषाणू मुबलक असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. हा दोष किटच्या रचनेचा आहे. तोच नमुना वेगवेगळ्या ठिकाणांना ओळखणारी अनेक प्रतिपिंडे एकत्र वापरणाऱ्या किटवर तपासला, तर तो सकारात्मक ठरण्याची बरीच शक्यता असते.

लसीची परिस्थिती वेगळी आहे. लसीमुळे शरीर एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवत नाही, तर पृष्ठप्रथिनाच्या निरनिराळ्या भागांवर रोखलेली असंख्य प्रकारची प्रतिपिंडे बनवते. शिवाय टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशीही प्रशिक्षित होतात, आणि त्या वळशांच्या आकाराऐवजी प्रथिनाचे छोटे तुकडे ओळखतात. एका वळशाचे रूप बदलल्याने या साऱ्यांची पकड एकाच वेळी सुटणे अवघड असते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लस दिलेल्या चिंपांझींना १४५ व्या स्थानावर बदल असलेल्या याच विषाणूच्या संपर्कात आणले असता, त्यांचे संसर्गापासून रक्षण झाले. प्रयोग मोजक्याच प्राण्यांवरचा असला तरी, किटला चकवणारा विषाणू लसीलाही चकवेलच असे नाही, हे त्यातून स्पष्ट दिसते.

मग लसीला चकवण्याच्या खऱ्या घटना कोठे घडतात? जेथे विषाणू प्रतिकारशक्तीच्या आधी किंवा तिच्याबरोबरच शरीरात असतो तेथे. मातेच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल, तर बाळाला जन्माच्या सुमारासच संसर्ग होतो आणि नंतर आलेल्या प्रतिपिंडांच्या दबावाखाली बदललेले विषाणू टिकून राहतात. यकृत प्रत्यारोपणानंतर दीर्घकाळ इम्युनोग्लोब्युलिन घेणाऱ्या रुग्णांतही हीच निवड घडलेली दिसली आहे.

तैवानमधील आकडे या संदर्भात नीट वाचायला हवेत, कारण ते अर्धवट वाचले तर भीतीच निर्माण होते. तेथे १९८४ मध्ये नवजात बालकांचे लसीकरण सुरू झाले. बाधित मुलांपैकी ‘ए’ निर्धारकात बदल असणाऱ्यांचा वाटा १९८४ मध्ये ७.८ टक्के होता, तो १९९४ पर्यंत २८.१ टक्के झाला आणि १९९९ मध्ये २३.१ टक्क्यांवर आला. परंतु याच काळात तैपेईतील मुलांमध्ये पृष्ठप्रतिजन आढळण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली गेले. वाटा वाढला तो मुख्यतः एकूण संसर्ग आटल्यामुळे आणि उरलेल्या थोड्या संसर्गांत बदललेले विषाणू निवडले गेल्यामुळे. बदललेला विषाणू लसीकृत समाजात पसरतो आहे असा त्याचा अर्थ नव्हता.

या दोहोंत आणखी एक स्थिती मिसळली जाते, ती म्हणजे प्रच्छन्न हिपॅटायटिस बी. यात पृष्ठप्रतिजन सापडत नाही आणि विषाणूचा डीएनए सहसा प्रति मिलिलीटर २०० आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा कमी असतो. कारण विषाणूची वाढच दबलेली असते. उलट प्रतिजन नकारात्मक असूनही डीएनए भरपूर असेल, तर किटला चकवणाऱ्या उत्परिवर्तनाची शंका प्रथम घ्यावी.

उत्परिवर्तनाला कारण नेहमी प्रतिपिंडच असते असेही नाही. या विषाणूचे पृष्ठप्रथिनाचे जनुक पॉलिमरेजच्या (विषाणूच्या डीएनएची प्रत बनवणाऱ्या विकराच्या) जनुकावर पूर्णपणे आच्छादलेले आहे, त्यामुळे लॅमिव्ह्युडीनसारख्या विषाणूरोधक औषधाला दाद न देणारा पॉलिमरेजमधील बदल पृष्ठप्रथिनातही बदल घडवतो. उदाहरणार्थ, पॉलिमरेजच्या २०४ व्या स्थानी मिथिओनीनच्या जागी व्हॅलीन आले, की पृष्ठप्रथिनाच्या १९५ व्या स्थानी आयसोल्युसीनऐवजी मिथिओनीन येते.

म्हणून लस घेतलेल्या व्यक्तीत विसंगत अहवाल आला, तर प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी तोच नमुना दुसऱ्या रचनेच्या किटवर तपासावा, सोबत विषाणूच्या गाभ्याच्या, म्हणजे आतल्या भागाच्या, प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे आणि डीएनएचे प्रमाण पाहावे, आणि डीएनए पुरेसा असल्यास पृष्ठप्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचून घ्यावा. लसीला दोष द्यायचा तर लसीकरणानंतर प्रतिपिंडांची पातळी प्रति मिलिलीटर १० मिली आंतरराष्ट्रीय एककांच्या वर गेली होती का आणि संसर्ग लसीच्या आधीचा होता की नंतरचा, याची उत्तरे त्याआधी हाती असली पाहिजेत.