सावळ्या पापणीवरचा मोरपंखी

भाचीच्या लग्नाची खरेदी सोलापूरच्या नवी पेठेत चालली होती. साड्या झाल्या, बांगड्या झाल्या, मग ती मला सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानात घेऊन गेली. आयशॅडोच्या डब्या काचेखाली मांडलेल्या होत्या. तिने एक निळसर चमकीचा रंग मागितला, तर काउंटरवरच्या बाई तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "सावळ्या रंगावर हे उठत नाही. तुम्ही ब्राऊनच घ्या." भाचीने मुकाट्याने ब्राऊन घेतला. मला ते लागलं. मी पदार्थविज्ञान शिकवते आणि या बाबतीत पदार्थविज्ञान अगदी उलटं सांगतं. ती निळसर डबीही मी घेतली आणि संध्याकाळी आम्ही दोघी घरी खिडकीपाशी बसलो.

डबीत बघितलं तर तो रंग जवळजवळ पांढराच. मी एक पांढरा कागद आणि एक काळा कार्डपेपर शेजारी शेजारी ठेवला आणि दोन्हींवर बोटाने सारखीच भुकटी घासली. काळ्यावर निळाजांभळा पट्टा झगझगीत उमटला. पांढऱ्यावर समोरून बघताना फारसं काहीच दिसेना. कागद थोडा तिरका केला तेव्हा तिथे फिकट पिवळी झाक आली. निळ्या भुकटीची पिवळी झाक! "मावशी, भुकटी तर एकच आहे की," भाची म्हणाली. मग तिने तीच भुकटी स्वतःच्या मनगटावर ओढली. मनगट काळ्या कागदाच्या बाजूने उभं राहिलं. निळा रंग लखलखत होता.

रंग दोन वाटांनी तयार होतो. पहिली वाट आपल्या रोजच्या ओळखीची आहे. गेरू लाल दिसतो, कारण त्यातलं लोहाचं ऑक्साइड निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि तांबडा परत पाठवतं. तुळशीवृंदावनाला फासायचा गेरू, भिंतीच्या रंगात मिसळायची पिवडी आणि काळं लोह ऑक्साइड, ही लोखंडाचीच तीन रूपं. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, आयशॅडोतले विटकरी, चॉकलेटी, मातकट, बदामी असे बहुतेक रंग याच तिघांच्या कमीजास्त मिश्रणातून निघतात. त्यासाठी खाणीतली माती वापरत नाहीत, शुद्धतेसाठी ही ऑक्साइडं कारखान्यात बनवतात, पण रसायन तेच. मॅट निळ्यासाठी बऱ्याचदा अल्ट्रामरीन वापरतात, म्हणजे आपण पांढऱ्या कपड्यांना घालायचो ती नीळ. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि तो सोन्याच्या तोलाचा असे. 1820च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने बनवायची पद्धत सापडली. त्याचा निळेपणा स्फटिकाच्या पिंजऱ्यात अडकलेल्या गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या गटांमुळे येतो.

दुसऱ्या वाटेत मात्र रंगद्रव्य लागतच नाही. पहिल्या पावसात एसटी स्टँडवर सांडलेल्या तेलाचा ओल्या डांबरावर जो सप्तरंगी तवंग पसरतो, तो या वाटेचा रंग. तेल बिनरंगी, पाणी बिनरंगी, तरी रंग दिसतात. तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. थराच्या जाडीनुसार काही रंगांच्या लहरी एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारतात. मोराच्या पिसाचा रंगही असाच, आतल्या बारीक रचनेतून येणारा. म्हणून मोरपंखी हा शब्द मला फार आवडतो. निळा की हिरवा, हे त्या शब्दाने ठरवूनच टाकलेलं नाही.

चमकीच्या आयशॅडोत हा तवंग घट्ट करून बसवलेला असतो. त्याचा पाया म्हणजे अभ्रक. माझ्या लहानपणी इस्त्री बिघडली की दुरुस्तीवाला ती उघडायचा, तेव्हा आत तारेखाली अभ्रकाचा पातळ पत्रा दिसायचा. नखाने त्याचा पापुद्रा सुटायचा, त्या पापुद्र्याचाही पापुद्रा सुटायचा. अभ्रकातले अणू थराथरांत रचलेले असतात आणि दोन थरांमधली पकड ढिली असते. दळून त्याचे पत्रेच होतात, तेही काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि त्याहून कितीतरी पातळ.

या पत्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. संक्रांतीचा हलवा ज्यांनी घरी केला आहे त्यांना ही कृती सांगायला नको. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर चमच्याने थेंब-थेंब पाक, आणि हात सतत फिरता. घाई केली की गोळे होतात. धीर धरला तर प्रत्येक दाण्यावर सारखा थर बसतो आणि काटा फुलतो. कारखान्यात परातीच्या जागी गरम आम्लधर्मी पाणी असतं, त्यात अभ्रकाचे पत्रे तरंगत ढवळले जातात आणि टायटॅनियमच्या क्षाराचं द्रावण हळूहळू सोडलं जातं. थर बसला की पत्रे धुऊन, वाळवून कित्येक शे अंश सेल्सिअसला भाजतात. कुठे थांबायचं, यावर रंग ठरतो. थर साधारण 50 नॅनोमीटर झाला तर चंदेरी झळाळी मिळते, 70च्या आसपास सोनेरी, 100च्या जवळ तांबूस, मग निळी, आणि 150च्या सुमाराला हिरवी. माणसाचा केस 50 हजार नॅनोमीटरहून जाड असतो. चंदेरी आणि हिरव्यात तेवढ्या शंभरेक नॅनोमीटरांचा फरक. दोन्ही डब्यांत पदार्थ तेच, अभ्रक आणि टायटॅनियम डायऑक्साइड!

आता कागदांचं कोडं सुटतं. निळ्या झळाळीचा पत्रा निळा प्रकाश आरशासारखा परत पाठवतो. उरलेला, म्हणजे एकत्रितपणे पिवळसर दिसणारा प्रकाश, त्यातून आरपार खाली जातो. खाली पांढरा कागद असेल तर तो पिवळा प्रकाशही परत येतो आणि निळ्यात मिसळतो. निळा आणि पिवळा प्रकाश मिळून पांढरा, म्हणून रंग विरघळल्यासारखा होतो. खाली काळा कागद असेल तर पिवळा तिथेच गिळला जातो आणि वर निखळ निळा उरतो. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य काळ्या कागदाचंच काम करतं. ते सगळा प्रकाश शोषत नाही, पण गोऱ्या त्वचेपेक्षा पुष्कळ जास्त शोषतं. हीच निळी, हिरवी, जांभळी झळाळी गोऱ्या पापणीवर फिकी पडते आणि आपल्या पापणीवर खुलते. त्या दुकानातल्या वाक्याला हे माझं उत्तर आहे, आणि सोलापुरातल्या प्रत्येक सावळ्या मुलीने ते स्वतःच्या मनगटावर तपासून बघावं.

मग "आपल्याला शोभत नाही" हा समज आला कुठून? मला वाटतं, फिक्या मॅट रंगांमुळे. फिकट गुलाबी, फिकट निळा असे मॅट रंग करायला रंगद्रव्यात पांढरं मिसळतात, आणि ते पांढरंही टायटॅनियम डायऑक्साइडच असतं. इथे त्याचा सपाट थर नसतो, त्याचे 200-300 नॅनोमीटरचे सुटे कण असतात, आणि ते सगळेच रंग सगळीकडे विखुरतात. गडद त्वचेवर ते राख फासल्यासारखं दिसतं. एकाच पदार्थाने कणांच्या रूपात राखाडीपणा आणायचा आणि थराच्या रूपात मोरपंखी झळाळी, हे मी वर्गात कितीदाही सांगू शकते. मॅट हवाच असेल तर पांढरं कमी असलेले भरीव रंग घ्यावेत: डाळिंबी, वांगी, गर्द शेवाळी, गुलबक्षी.

तांब्याच्या आणि कांस्याच्या झळाळीत दोन्ही वाटा एकत्र येतात. तिथे अभ्रकावर लोह ऑक्साइडचा थर असतो. तो रंग शोषतोही आणि लहरींचा खेळही करतो. आजीच्या धूपछांव रेशमी साडीची मात्र गोष्ट वेगळी. तिच्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलला की कधी एक धागा जास्त दिसतो, कधी दुसरा. दोन्ही धागे साध्या शोषणाने रंगलेले. विणकरांच्या या गावात तो फरक डोळ्यांनी ओळखणारी माणसं घरोघर भेटतील.

लावायच्या पद्धतीतही विज्ञान आहे. चमकीची भुकटी ब्रशने लावली तर पत्रे आडवेतिडवे बसतात, प्रत्येकाचा आरसा वेगळ्या दिशेला तोंड करतो आणि झळाळी विखुरते. बोटाने दाबून लावली की पत्रे त्वचेला समांतर झोपतात. ब्रश किंचित ओला केला तर आणखी छान. पाणी सुकताना पृष्ठताण पत्र्यांना खाली ओढून सपाट बसवतो. मॅट रंगाला याची गरज नाही, तो मऊ ब्रशनेच नीट पसरतो.

दाबलेल्या पावडरीत शंखजिरं, अभ्रक, रंगद्रव्य आणि त्यांना धरून ठेवायला थोडं सिलिकोन तेल किंवा खनिज तेल असतं. बोट वारंवार लागून त्वचेचं तेल वर साचलं की वडी टणक होते आणि रंग येईनासा होतो. चिकटपट्टी हलकेच लावून उचलली की वरचा थर निघतो. क्रीम आयशॅडोत मेण आणि तेल जास्त असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर चढतो. तेव्हा ते मेण मऊ पडतं, त्यात घाम आणि पापणीचं स्वतःचं तेल मिसळतं, आणि मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी सगळा रंग घडीत गोळा करते. काही क्रीममध्ये उडून जाणारं सिलिकोन असतं. लावल्यावर ते थोड्या वेळात उडतं आणि मागे मेण-रंगाची पातळ साय राहते. द्रवरूप आयशॅडोत तेच काम पॉलिमर करतात. उन्हाळ्यातल्या लग्नाला मी ही दोनच सुचवेन, किंवा प्रायमरवर, म्हणजे रंग धरून ठेवायला आधी लावतात त्या थरावर, पावडर.

शेजारचा रंगही बघायला हवा. फ्रान्समधल्या गोबलँ या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर धाग्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळाच फसत होता. 1839मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना विरुद्ध बाजूला ढकलतात. आपले तपकिरी डोळे म्हणजे मुळात गडद नारिंगी, त्यामुळे निळ्या रंगाशेजारी त्यांच्यातली मधाळ ऊब वर येते.

एक गोष्ट काळजीने सांगते. हस्तकलेच्या दुकानातली चमकी पापणीला लावू नका. ते अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे कातरलेले तुकडे असतात आणि बुबुळावर ओरखडा काढू शकतात. सुरम्यात शिशाचं संयुग असू शकतं. शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं रंगासाठी वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, म्हणून नाव-पत्ता आणि घटक छापलेलीच डबी घ्यावी. अभ्रक कुठून आलं हेही विचारावं. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात ते वेचायला लहान मुलं जुंपली जातात, हे अनेकदा उघड झालं आहे. प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम अभ्रक आता मिळतं आणि ते जास्त स्वच्छ चमकतं.

लग्नाच्या आदल्या रात्री भाची पुन्हा डबी घेऊन आली. कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत निळा प्रकाश कमी असतो, मग ही निळी झाक तिथे मरेल का, अशी तिला शंका होती. शंका बरोबर होती. मी तिच्या पापणीवर आधी काजळाचा हलका हात फिरवला, बोटाने पसरवला आणि त्यावर ती पांढरी दिसणारी भुकटी दाबली. खोलीतला पिवळा दिवा तेवढा चालू ठेवला. तिने आरशासमोर मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. "मावशी," ती म्हणाली, "दुसऱ्या डोळ्यालाही लाव की."