फ्लॅशचा ‘ऑटो’ आणि टीटीएल: प्रकाश मोजला जातो कोठे?

फिल्म कॅमेऱ्यावरील फ्लॅशच्या संदर्भात ‘ऑटो’ आणि ‘टीटीएल’ (थ्रू द लेन्स, म्हणजे ‘लेन्समधून’) हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने घेतले जातात. दोन्हींत गाईड नंबरला (फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला) अंतराने भागून अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) काढण्याचे काम छायाचित्रकाराकडे राहत नाही आणि विषयावरून परतलेला प्रकाश पुरेसा झाला की फ्लॅश आपोआप थांबतो, त्यामुळे हा घोटाळा होणे साहजिक आहे. फरक आहे तो हा प्रकाश कोठे मोजला जातो, यात.

‘ऑटो’मध्ये सेन्सर फ्लॅशच्याच दर्शनी भागावर असतो. फिल्मचा आयएसओ (तिच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) लावल्यावर फ्लॅशवरील तक्ता एखादे अ‍ॅपर्चर सुचवतो, समजा एफ/८, आणि ते लेन्सवर हाताने लावावे लागते. लेन्स चुकून एफ/४ वर राहिली तर फ्लॅशला त्याचा पत्ताही लागत नाही आणि दोन स्टॉप जादा, म्हणजे चौपट, प्रकाश फिल्मवर पडतो. फिल्टर किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून चित्र घेण्यासाठी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची नळी) लावल्यावरही हीच अडचण येते. १:१ प्रमाणात, म्हणजे विषय फिल्मवर मूळ आकाराइतकाच उमटेल असे, चित्र घेताना ट्यूबमुळे फिल्मपर्यंत पोहोचणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपने घटतो. बाहेर बसलेल्या सेन्सरला ही घट दिसणे शक्यच नसते, म्हणून ती आपणच हिशेबात धरावी लागते.

टीटीएलमध्ये मोजणी लेन्समधून आत आलेल्या प्रकाशाचीच होते. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ मध्ये शटर उघडे असताना खुद्द फिल्मच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा फ्लॅशचा प्रकाश मोजला जाई. साहजिकच फिल्टर, ट्यूब आणि अ‍ॅपर्चर या तिन्हींचा परिणाम मोजणीत आपोआप येतो. मात्र त्यासाठी त्या कॅमेऱ्याशी जुळणारा फ्लॅशच लागतो. ‘ऑटो’ला हॉट शूचा (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवण्याच्या खाचेचा) मधला एक संपर्कबिंदू पुरतो, आणि जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांसाठी हा गुण माझ्या मते मुळीच किरकोळ नाही.

फ्लॅशची ताकद मात्र दोन्हींपैकी कोणतीही पद्धत वाढवत नाही: आयएसओ १०० ला मीटरमध्ये ३२ गाईड नंबर असेल, तर एफ/८ वर ४ मीटरपलीकडे प्रकाश अपुराच पडणार. शिवाय दोन्ही पद्धती समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतात, त्यामुळे पांढरे कपडे काळवंडतात आणि काळ्या पार्श्वभूमीपुढचा लहानसा चेहरा फटफटीत होतो. चूक फारशी न खपवणारी स्लाइड फिल्म असेल आणि फ्लॅश थेट विषयाकडे रोखलेला असेल, तर अशा प्रसंगी गाईड नंबरचा जुना भागाकारच अधिक भरवशाचा ठरतो, कारण त्याला विषयाच्या रंगाशी देणेघेणे नसते; अंतर तेवढे कॅमेऱ्यापासून न मोजता फ्लॅशपासून मोजावे.