भारताची आघाडीफळी: पाच जणांपासून एकट्या स्ट्रायकरपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची आशा संपली. बेळगाव-खानापूरच्या फुटबॉलवेड्यांना बेंगळुरूपेक्षा मडगाव कितीतरी जवळचं. चोर्ला घाट उतरला की गोवा! त्यामुळे हा पराभव सीमाभागात फारच जिव्हारी लागला. त्या दिवशी आपला एकमेव गोल लालियनझुआला छांगतेने केला. छांगते विंगर आहे, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा. गोलसमोर उभा राहणारा आपला माणूस, म्हणजे स्ट्रायकर, गेला कुठे, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो, पण त्याची मुळं बरीच जुनी आहेत.

स्वातंत्र्याच्या सुमाराला जगभर पाच जण पुढे ठेवून खेळायची रीत होती. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत साहू मेवालालच्या गोलवर इराणला नमवून आपण सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. अनवाणी खेळणं त्यानंतर थांबलं.

खरा बदल केला तो भारताचे प्रशिक्षक, हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या मधोमध खेळणारा, हिडेगकुटी जागा सोडून मागे यायचा, त्याच्या मागे धावलेला बचावपटू हकनाक फसायचा आणि मोकळ्या जागेत इतर जण घुसायचे. ही कल्पना रहीमसाहेबांनी आपल्या संघात रुजवली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत ४-२ ने जिंकला आणि शेवटी चौथा आला. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुळसीदास बलराम हे त्रिकूट नंतर जुळलं. यातला कोणीही गोल करू शकायचा. ताकद तिथे होती. कुठल्या फळीत किती जण, ही आकड्यांची रचना दुय्यम.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट तर प्रत्येक प्रशिक्षकाने मुलांना सांगायला हवी. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. उपांत्य सामन्यासाठी रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवलं नाही, थेट सेंटर फॉरवर्ड केलं! त्या सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यातही केला. दक्षिण कोरियाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यातला आपला पहिला गोल पीकेंचा, निकाल २-१, सुवर्ण आपलं. पुढच्याच जूनमध्ये कर्करोगाने रहीमसाहेब गेले. त्यांच्याइतक्या धाडसाने आघाडी मांडणारा माणूस भारताला पुन्हा मिळाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

१९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतल्या कांस्यपदकानंतर उतरण लागली. बॉब हॉटन आणि नंतर स्टीफन कॉन्स्टंटाइन या प्रशिक्षकांनी ४-४-२ वर (चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन आघाडीला) भर दिला: दोन फळ्या घट्ट, चेंडू मिळताच थेट पुढे. २००८ च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीने ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला आपण ४-१ असं धुतलं, तेव्हा छेत्रीच्या जोडीला आशिक कुरुनियन धावत होता. पुढचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्या काळात पुढे बहुतेक वेळा एकच स्ट्रायकर उरला. कतारमधल्या २०२३ च्या आशिया चषकात (सामने झाले जानेवारी २०२४ मध्ये) आपण तीन सामन्यांत एकही गोल केला नाही. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं आणि मालदीवविरुद्ध त्याने आपला ९५ वा गोल केला.

सगळा दोष राष्ट्रीय प्रशिक्षकांवर टाकणं मला पटत नाही. २०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि क्लबांनी गोल करायचं काम विदेशी स्ट्रायकरांकडे दिलं. २०२१-२२ पासून मैदानावर विदेशी खेळाडू चारच उतरवता येतात, पण त्यातली एक जागा बहुधा स्ट्रायकरचीच असते. खुद्द छेत्रीही बेंगळुरू एफसीत विदेशी स्ट्रायकर मिकूला मध्ये ठेवून डावीकडून खेळला. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आघाडीला होता. क्लब फुटबॉलमध्ये त्याच्या वाट्याला प्रामुख्याने विंगच आली. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रं हाती घेतलेल्या प्रशिक्षक खालिद जमील यांना स्ट्रायकर निवडायचा आहे तो याच लीगमधून.