उसना खार आणि बर्लिनचा निळा

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्या कुणालाही रंगपेटीतला एक रंग जरा जपूनच वापरायचा हे माहीत असतं. प्रशियन ब्लू. आमचे चित्रकलेचे सर म्हणायचे, "ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच घे, नाहीतर आभाळाची अमावस्या होईल." व्हायचीही. शिवाय पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पडलेला त्याचा डाग वर्षभर सोबत करायचा. आम्ही मात्र कित्येक वर्षं त्याला 'पर्शियन ब्लू'च म्हणत होतो. प्रशिया नावाचं राज्य कुठे होतं हे कळायला नववीचं इतिहासाचं पुस्तक यावं लागलं, आणि हा रंग चुकून सापडला हे कळायला त्याहून बराच उशीर लागला.

गोष्ट त्याच प्रशियाची राजधानी असलेल्या बर्लिनची, १७०६ च्या सुमाराची. डीसबाख नावाचा एक रंगारी किरमिजी रंग बनवत होता. कृती त्याच्या हातची होती: कोशिनील किड्यांचा काढा करायचा, त्यात तुरटी आणि थोडा हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, टाकायचा आणि वरून खार घालून रंगाचा साका खाली बसवायचा. हा खार म्हणजे लाकडाच्या राखेतून काढलेला पोटॅश, आपल्या पापडखाराचा लांबचा भाऊबंद. नेमका तो संपलेला. शेजारून वाटीभर साखर आणावी तसा त्याने तो योहान कोनराड डिप्पेलकडून उसना आणला.

हा डिप्पेल म्हणजे इरसाल माणूस. जन्म फ्रँकेनस्टाइन नावाच्या किल्ल्यातला, शिक्षण धर्मशास्त्राचं आणि उद्योग किमयागाराचे. जनावरांचं रक्त-हाडं भट्टीत तापवून तो एक काळपट, भयंकर घाण वासाचं तेल काढायचा आणि सर्व रोगांवर उतारा म्हणून विकायचा. ते तेल शुद्ध करताना वापरलेला खार बाद होऊन पडलेला असायचा. डीसबाखच्या पदरात तोच पडला.

रंग बसला तो किरमिजी नव्हताच. फिकट गुलाबीसर काहीतरी निघालं. ते आटवून दाट करायला गेला तर आधी जांभळं झालं आणि मग गडद निळं. ही हकीकत गेऑर्ग श्टाल या रसायनशास्त्रज्ञाने तब्बल पंचवीस वर्षांनी, १७३१ मध्ये छापली. इतक्या उशिरा सांगितलेल्या गोष्टीला थोडं मीठमसाला लागलेलं असणारच. पण तिच्यातलं रसायन चोख आहे. रक्तातला नायट्रोजन आणि कार्बन खाराबरोबर तापले की लोखंडाशी जुळून एक क्षार बनतो. तो हिराकसाला भेटला की निळा साका पडतो. जर्मन भाषेत त्या क्षाराच्या नावात आजही 'रक्त' हा शब्द आहे.

माल बिघडला म्हणून डीसबाखने तो गटारात ओतला असता तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. त्याने ओतला नाही, कारण त्या काळी निळ्या रंगाची किंमत काय होती हे रंगाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! चांगला निळा म्हणजे अल्ट्रामरीन, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडाची पूड. ती सोन्याच्या तोलामोलाने विकली जायची. चित्रकार तिला येशूच्या आईच्या वस्त्रासाठी राखून ठेवायचे आणि गिऱ्हाईक करारात तिचा वेगळा हिशेब लिहून घ्यायचं. नीळ स्वस्त, पण तैलरंगात तिला तो तजेला नाही. अशा बाजारात लोखंड, रक्त आणि राख यांच्यापासून निळा निघत असेल तर ती लॉटरीच. पीटर व्हान डर वेर्फ या डच चित्रकाराने १७०९ मध्ये काढलेल्या ख्रिस्ताच्या दफनाच्या चित्रात हा रंग सापडला आहे. चित्र पॉट्सडामला आहे. कृती मात्र जवळपास दोन दशकं गुलदस्त्यात राहिली. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती छापून आली आणि मग गावोगाव कारखान्यांत बैलाचं रक्त आटवलं जाऊ लागलं.

आता या निळ्याच्या पोटात शिरू. इमारतीला बांधलेली बांबूची परांची डोळ्यांसमोर आणा. उभे-आडवे बांबू जिथे मिळतात तिथे सुंभाने आवळलेली गाठ असते. प्रशियन ब्लूची रचना अशीच आहे: प्रत्येक गाठीवर लोखंडाचा अणू आणि प्रत्येक बांबू म्हणजे कार्बन-नायट्रोजनची जोडी. गंमत अशी की गाठी दोन जातींच्या आहेत. काही लोखंडांनी दोन इलेक्ट्रॉन गमावलेत, काहींनी तीन, आणि ते एकाआड एक बसलेत. प्रकाश पडला की तांबड्या-नारिंगी किरणांतली ऊर्जा घेऊन एक इलेक्ट्रॉन या गाठीवरून शेजारच्या गाठीवर उडी मारतो. तांबडा भाग तिथेच खर्ची पडतो, निळा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. सगळ्या गाठी एकाच जातीच्या असत्या तर ही उडी नाही, आणि रंगही नाही.

कार्बन-नायट्रोजनची जोडी म्हणजे सायनाइड. हो, तेच. १७८२ मध्ये स्वीडनच्या कार्ल शील याने हा रंग आम्लाबरोबर तापवला आणि त्यातून एक अत्यंत विषारी आम्ल बाहेर काढलं. जर्मन लोक त्याला अजून 'निळं आम्ल' म्हणतात. 'सायनाइड' हा शब्दसुद्धा गडद निळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेला. म्हणजे विषाने आपलं नाव रंगाकडून घेतलं आहे. रंग स्वतः मात्र निरुपद्रवी, कारण परांचीतल्या लोखंडाने सायनाइडला असं काही करकचून धरलंय की पोटातल्या आम्लालाही ते सहजी सुटत नाही. याचा पुढे एका भलत्याच ठिकाणी उपयोग झाला.

त्याआधी जपान. एकोणिसाव्या शतकात डच आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत हा रंग नागासाकी बंदरात उतरत होता. तिथे त्याचं नाव पडलं 'बेरो-आय', बर्लिनची नीळ. १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला आणि होकुसाई नावाच्या सत्तरीच्या चित्रकाराने फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत तो मनसोक्त वापरला. फुजीवर झेपावणारी ती प्रसिद्ध लाट आपण कॉफीच्या मगांपासून मोबाइलच्या कव्हरांपर्यंत पाहिलेली असते. जपानी कला म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा तो निळा बर्लिनचा आहे. त्याआधी जपानी ठसेकार एका रानफुलाचा निळा वापरायचे. तो उन्हाने आणि दमट हवेने बघता बघता उडून जायचा.

मला स्वतःला या रंगाची सगळ्यात गोड करामत वाटते ती १८४२ ची. इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना प्रकाशाने रंग बदलणाऱ्या क्षारांचा नाद होता. त्यांनी लोखंडाचे दोन क्षार पाण्यात मिसळून कागदावर फासले, कागद अंधारात वाळवला आणि उन्हात ठेवला. जिथे ऊन लागलं तिथे लोखंडाच्या एका क्षारात इलेक्ट्रॉन शिरला आणि परांची बांधली गेली. जिथे सावली होती तिथला क्षार पाण्याने धुऊन गेला. निळ्यावर पांढरं चित्र: सायनोटाइप.

हे घरी करता येतं. मी गेल्या मे महिन्यात गच्चीवर केलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून आणली. बाथरूमचा पिवळा बल्ब लावून जाड कागदावर ते मिश्रण फासलं. रंग कच्च्या लिंबासारखा हिरवट पिवळा. दुपारी कढीपत्त्याची एक डहाळी त्यावर ठेवली, वर फोटोफ्रेमची काच. पाचेक मिनिटांत पिवळ्याचा करडा झाला, मग काहीसा कांस्यासारखा. बादलीत बुडवल्यावर पिवळं पाणी निथळून गेलं आणि खालून कढीपत्ता उमटला, प्रत्येक पानाची कड कातरल्यासारखी स्वच्छ, एका पानाला किड्याने पाडलेलं भोक तेवढं निळं. दुसरा कागद मी मूर्खपणाने कपड्यांच्या साबणपूड घातलेल्या पाण्यात विसळला. निळा बघता बघता उतरला आणि गंजकट डाग उरला. सोड्यासारख्या अल्कलीने ही परांची कोसळते, म्हणूनच ओल्या चुन्याच्या भिंतीवर चित्रकार हा रंग लावत नाहीत.

हर्शेल यांच्या ओळखीतल्या ॲना ॲटकिन्स यांनी हीच कृती उचलली. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या या बाईंना समुद्रशैवालाची सूक्ष्म चित्रं हातानं काढणं अशक्य वाटत होतं. मग त्यांनी शैवालच कागदावर ठेवून उन्हाला काम सांगितलं. १८४३ पासून दहा वर्षं त्या ब्रिटिश शैवालांचं पुस्तक भागाभागाने बनवत राहिल्या. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते. मजकूरही त्यांच्याच हस्ताक्षरात, तोही निळ्यावर पांढरा. प्रस्तावनेखाली फक्त 'ए. ए.' अशी अक्षरं. पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला होता!

मग हीच कृती इंजिनियरांच्या कचेऱ्यांत शिरली. मूळ नकाशाच्या हव्या तेवढ्या निळ्या प्रती काढता येऊ लागल्या, त्या ब्लू प्रिंट. ते कागद केव्हाच गेले, शब्द मात्र आपल्याकडे ठाण मांडून बसलाय. निवडणूक आली की प्रत्येकाच्या खिशातून विकासाची ब्लू प्रिंट निघते.

दवाखान्यातही हा रंग पोचलाय. माक्स पेर्ल्स या जर्मन डॉक्टरने १८६७ मध्ये युक्ती काढली ती अशी: उतीच्या चकतीवर तोच रक्तखाराचा क्षार आणि आम्ल घालायचं, उतीत लोखंड साठलेलं असेल तर जागच्या जागी निळे ठिपके उमटतात. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत अस्थिमज्जेतलं लोह पाहायला आजही हीच चाचणी करतात. डीसबाखच्या भांड्यात झालेली घटनाच पुन्हा, फक्त काचपट्टीवर.

आणि आता ते भलतं ठिकाण. ब्राझीलमधलं गोयानिया शहर, सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या एका रेडिओथेरपी केंद्रातून दोघा जणांनी यंत्राचा जड भाग भंगार म्हणून उचलला आणि भंगारवाल्याला विकला. आत किरणोत्सारी सीझियम-१३७ च्या क्लोराइडची ९३ ग्रॅम पूड होती. रात्री ती निळसर चमकायची. भंगारवाला भारावून गेला. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना चिमूट चिमूट वाटली. मुलांनी ती अंगाला फासली. माणसं आजारी पडू लागली तेव्हा भंगारवाल्याच्या बायकोला त्या वस्तूचा संशय आला. तिने उरलेला भाग पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याकडे नेला. पुढे शहरातल्या स्टेडियमवर एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी सीझियम सापडलं. चार जण दगावले. त्यांत ती बाई होती आणि सहा वर्षांची एक मुलगी.

सीझियम शरीराला पोटॅशियमसारखं वाटतं, त्यामुळे ते स्नायूंत घर करतं. आतड्यात उतरतं, पण तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं, असं फिरत राहतं. इथे परांचीतल्या रिकाम्या खोल्या कामाला आल्या. त्या खोलीत सीझियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, अगदी मापात बसतो आणि मग सुटत नाही. गोयानियात ४६ जणांना प्रशियन ब्लू पोटात दिला गेला. रंग स्वतः रक्तात शिरत नाही. आतड्यात सीझियम पकडतो आणि बाहेर पडतो. एरवी शरीरातलं निम्मं सीझियम जायला सुमारे ११० दिवस लागतात, या औषधाने ते ३० दिवसांच्या आसपास येतं. दुष्परिणाम म्हणाल तर बद्धकोष्ठ, आणि शौचाला निळी होते. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर नॉर्वेत जनावरांच्या चाटणमिठात आणि रेनडिअरच्या खाद्यातही तो मिसळला गेला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत चित्रकाराच्या रंगपेटीतला हा रंग उताऱ्यांच्या रांगेत बसलेला आहे.

माझा कढीपत्ता मी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला होता. दिवाळीपर्यंत तो इतका फिकटला की ओळखू येईना. उन्हाने गाठींत जास्तीचा इलेक्ट्रॉन घुसवला की दोन्ही जातींच्या गाठी सारख्या होतात आणि रंग जातो. पण हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन परत काढून घेतो, असं वाचलं होतं. फ्रेम उघडून कागद कपाटात चादरींखाली ठेवला आणि विसरलो. पंधरवड्याने चादर काढायला गेलो, तर कढीपत्ता पुन्हा निळ्यावर पांढरा, भोकासकट.