ओल्या पानाची बाधा

विडीच्या तंबाखूचा निपाणी पट्टा म्हटलं की बेळगाव आठवतं, पण कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याचा काही भागही त्यातच मोडतो. लावण पावसाळ्यात, काढणी थंडीत. पान हाताशी येतं तेव्हा शिवार दहिवरानं भिजलेलं असतं आणि खरी गोम तिथंच आहे. तंबाखूच्या पानातलं निकोटीन पाण्यात सहज विरघळतं. दव, पाऊस किंवा अंगचा घाम यांत उतरून ते कातडीवाटे थेट रक्तात जातं. मग मळमळ, उलट्या, डोकेदुखी, भोवळ, अंगातलं बळ जाणं. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतार पडतो आणि 'तंबाखू लागली' एवढ्यावर विषय संपतो. ऊन लागलं किंवा फवारणी बाधली तरी लक्षणं अशीच दिसतात, त्यामुळे खरं कारण सहज निसटतं. तंबाखू खाणाऱ्याला, मिसरी लावणाऱ्याला त्रास कमी जाणवतो, कारण शरीर सरावलेलं असतं. सापडतो तो निर्व्यसनी आणि नवखा.

पीक मात्र आपल्याकडे जुनं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दूत असदबेग यानं त्याच्या दरबारात तंबाखू नेली ती विजापूरहून, आणि मिरज तेव्हा त्याच आदिलशाहीत होतं. निकोटीन वेगळं काढलं गेलं १८२८ मध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला. पुढं त्याची कीटकनाशकंही झाली. एवढं माहीत असूनही तोडणी करणाऱ्यांच्या या आजाराची वैद्यकीय नोंद व्हायला १९७० उजाडलं, तीही अमेरिकेतल्या फ्लोरिडात. त्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं भारतातले तंबाखू मजूर तपासले. हातमोजे आणि बुटांनी बाधा कमी होते का, हेही १९८० च्या दशकात पाहिलं. (चिकट पानं खुडताना दिवसभर मोजे घालायचे, तेही रोजंदारीवर, हे सांगायला सोपं.)

कायदा वेगळ्याच वाटेनं गेला. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा विड्या वळणाऱ्यांसाठी, अगदी घरी बसून वळणाऱ्यांसाठीही होता; २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेनं त्याची जागा घेतली. शेतात पान तोडणारी बाई त्या कायद्यात येत नव्हती. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं निपाणीचं आंदोलन पेटलं, एप्रिलमध्ये गोळीबार झाला; मागणी तंबाखूच्या भावाची होती. १९९२ मध्ये निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक देशात वापरायला बंदी झाली. ते फवारायचं नाही असं ठरलं, पण पानावरच्या दवातून तेच निकोटीन हाताला लागतं, त्याचा त्या बंदीशी संबंध नव्हता.