पतंगाची पाठ

पहिला पाऊस झाला की आमच्या घरी संध्याकाळी सगळे दिवे बंद व्हायचे. ओसरीवरचा एकच बल्ब चालू, आणि त्याच्याखाली पाण्याने भरलेली परात. तासाभरात पाण्यावर पंखांची साय धरायची. पंख फुटलेली वाळवी, भुंगे, तुडतुडे. आजी म्हणायची, ‘वेडे कुठले, दिव्यावर जीव टाकतात.’ कवींनीही त्यावर भरपूर शाई खर्च केली आहे.

पुढे एक सुबक स्पष्टीकरण वाचनात आलं. किडे चंद्राशी ठरावीक कोन राखून सरळ उडतात. चंद्र इतका लांब, की कितीही उडालं तरी कोन बदलत नाही. बल्ब मात्र हाताच्या अंतरावर. त्याच्याशी तोच कोन राखायला गेलं की वाट शंखासारखी आत आत वळत जाते. मला हे फार पटलं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि ते कोलमडलं. त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी पतंग आणि चतुर दिव्याजवळ उडताना टिपले. किडे दिव्याच्या रोखाने जातच नव्हते. ते दिव्याकडे पाठ, म्हणजे अंगाची वरची बाजू, करत होते.

घाटात एसटी वळली की डोळे मिटून बसलेल्या माणसाला ‘खाली’ नेमकं कुठे ते कळेनासं होतं, कारण वळणाचा ओढा आणि गुरुत्वाकर्षण शरीराला एकसारखंच जाणवतं. सतत गिरक्या घेणाऱ्या किड्याची तर कायमच ही पंचाईत. त्यावर उत्क्रांतीने सोपा तोडगा काढला: जिकडे उजेड जास्त, तिकडे पाठ ठेवायची. कोट्यवधी वर्षं हे बिनचूक चाललं, कारण रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळच असतं. आता शेजारी बल्ब आला. किडा त्याच्याकडे पाठ करायला कलतो, कलला की वळतो, वळला की पुन्हा कलतो, आणि दिव्याभोवती फेऱ्या सुरू होतात. दिवा मागे पडला तर पाठ त्याच्याकडे करताना तोंड वर होतं, किडा चढत जातो आणि वेग संपून थांबतो. दिवा खाली असेल तर तो चक्क उताणा होऊन कोसळतो. प्रयोगात पांढरं कापड वर ताणून त्यावरून मंद, पसरट उजेड दिला, तेव्हा तेच किडे सरळ निघून गेले.

सगळ्यांना हे लागू नाही. कण्हेरीवर वाढणारा तो देखणा हिरवा पतंग दिव्यावरून बिनदिक्कत उडाला. शिवाय लांबून किडे दिव्यापाशी का येतात, हे यातून कळत नाही.

डास मारायचा म्हणून विकला जाणारा जांभळा दिवाही इथेच निकालात काढू. डास आपल्याला शोधतो तो उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणि अंगाच्या वासावरून. त्या जाळीत तडतडून मरतात ते बहुतेक बिचारे दुसरेच.

किडे मेले तर बरंच, असं वाटत असेल तर स्वित्झर्लंडमधला २०१७ चा प्रयोग पाहा. अंधाऱ्या कुरणांत रस्त्यावरचे दिवे लावल्यावर फुलांवर रात्री येणाऱ्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या, आणि एका काटेरी रानझाडाला फळंही कमी धरली. दिवसा मधमाश्या येऊनही ही तूट भरली नाही.

आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीला नारळांच्या बुंध्याशी वर तोंड केलेले फ्लडलाइट बसले. किड्यांच्या दृष्टीने याहून वाईट दिशा नाही, आणि त्यातला बराचसा उजेड झावळ्यांना न लागता थेट आकाशात जातो. वरून झाकलेला, खाली तोंड केलेला दिवा हवा. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेल्या निळसर पांढऱ्या दिव्याऐवजी २७०० चा पिवळसर घ्यावा, कारण बहुतेक कीटकांचे डोळे निळ्या आणि अतिनील उजेडाला जास्त संवेदनशील असतात. जिन्यात आणि पार्किंगमध्ये माणूस आल्यावरच लागणारा सेन्सर पुरतो. मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं. ‘पण झाडं किती छान दिसतात,’ असं उत्तर मिळालं. अकरानंतर टायमरने बंद करण्यावर तडजोड झाली. सकाळी त्या दिव्यांच्या काचेवरचे पंख झाडायचं काम आता माझ्याकडे आहे.