कंपनी एकट्या साहेबाच्या डोक्यावर चालते का?

"कंपनी मोठी होते ती साहेबाच्या डोक्यामुळे, कामगार काय, आज हा, उद्या दुसरा." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण फोटो आणि मुलाखत साहेबाचीच छापून येते.

पण आपलं गिरणगाव आठवा. साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, धागा तुटला की तो जोडायला सरावलेली बोटंच लागायची. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मालक, मॅनेजर जागेवर होते, तरी साचे थांबले. दुसरी बाजूही तितकीच खरी: नवी यंत्रं आणायची की जुन्यावरच भागवायचं, हे कामगाराच्या हातात नव्हतं. तो निर्णय वरचा.

पडताळायचं कसं? शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार, संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे जाहीर करावंच लागतं. मधला म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मध्ये येणारा. यश साहेबाचं असेल, तर अपयशही त्याच्याच खात्यात दिसायला हवं. म्हणून पाच-सहा वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा आणि नफा घटला त्या वर्षी ही पट घटली का, ते बघा.